सीई, सीबी, सीसी – कुणाच्या मागे कोण लावायचं? मल्टिस्टेज ॲम्प्लिफायरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाची, बीईची मुलं आणि घरी छंद म्हणून सर्किट बनवणारे, दोघांकडूनही हेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. खाली जिथे जिथे आकडे येतील तिथे एकच ट्रान्झिस्टर धरलाय: बीसी५४७बी, कलेक्टर करंट १ मिलीअँप, बीटा (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरला वाहतो तो आकडा) २००, सप्लाय ९ व्होल्ट, कलेक्टरला ४.७ के (के म्हणजे किलोओहम), एमिटरला १ के, बेसला वरून ४७ के आणि खालून १० के. हे सर्किट तुमच्या वहीत असणारच. एक आकडा मात्र डोक्यात पक्का बसवा, एमिटरचा आतला रेझिस्टन्स म्हणजे स्मॉल आर-ई, तो २५ मिलीव्होल्ट भागिले करंट, म्हणजे १ मिलीअँपला २५ ओहम. पुढचं सगळं या २५ वर उभं आहे.

एका ट्रान्झिस्टरने भागत नाही का? दोन-तीन स्टेज कशाला?

गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो, कमी पडतो म्हणून, असं सगळे सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. आपल्या सर्किटमध्ये एमिटर पूर्ण बायपास केला (म्हणजे एमिटरच्या १ केला समांतर मोठा कपॅसिटर लावला) तर गेन ४.७ के भागिले २५, म्हणजे १८८ येतो, तो काही कमी नाही. खरी अडचण अशी की ॲम्प्लिफायरला तीन कामं करायची असतात. समोरून येणारा नाजूक सिग्नल त्याला न दाबता घ्यायचा, तो मोठा करायचा, आणि पुढच्याला हवा तेवढा करंट देऊन पोचवायचा. ही तिन्ही कामं एकाच ट्रान्झिस्टरला एकाच वेळी चांगली जमत नाहीत. म्हणून माणसं वाटून घेतात तशा स्टेज वाटून घ्यायच्या, एक घेणारा, एक वाढवणारा, एक देणारा.

तिन्ही कॉन्फिगरेशनचा स्वभाव एकदा साध्या भाषेत सांगा ना.

कॉमन एमिटर, म्हणजे सीई: बेसला द्यायचं, कलेक्टरवरून घ्यायचं. व्होल्टेजही वाढतं, करंटही वाढतो, सिग्नल उलटा होतो. इनपुट इम्पीडन्स (सिग्नल देणाऱ्याला ही स्टेज किती ओहमची दिसते तो आकडा) मध्यम, आपल्या सर्किटमध्ये बीटा गुणिले २५ म्हणजे ५ के, त्याला बायसचे (बेसचं डीसी व्होल्टेज ठरवणारे) ४७ के आणि १० के समांतर, झाले साधारण ३.१ के. आउटपुट इम्पीडन्स (पुढच्याला देताना स्टेजच्या आत जेवढे ओहम आडवे येतात ते) म्हणजे जवळजवळ कलेक्टर रेझिस्टरच, ४.७ के.

कॉमन कलेक्टर, म्हणजे सीसी किंवा एमिटर फॉलोअर: बेसला द्यायचं, एमिटरवरून घ्यायचं. व्होल्टेज वाढत नाही, एकच्या किंचित खाली राहतं, पण इनपुट इम्पीडन्स शेकडो के आणि आउटपुट इम्पीडन्स काही दहा ओहम. सिग्नल सुलटाच राहतो.

कॉमन बेस, म्हणजे सीबी: एमिटरला द्यायचं, कलेक्टरवरून घ्यायचं. व्होल्टेज गेन सीईइतकाच, पण इनपुट इम्पीडन्स फक्त २५ ओहम. करंट जेवढा आत गेला जवळजवळ तेवढाच बाहेर येतो. सिग्नल उलटत नाही आणि हाय फ्रिक्वेन्सीला हा गडी थकत नाही.

ओळखायचं कसं तर सिग्नल कुठल्या पायाला आत जातो आणि कुठल्या पायातून बाहेर येतो ते बघा, उरलेला पाय कॉमन. तो पाय डीसीला ग्राउंडवर असायलाच हवा असं नाही, कपॅसिटरमधून सिग्नलपुरता ग्राउंड झाला तरी पुरतं. सीसीचा कलेक्टर तर चक्क सप्लायला जोडलेला असतो, तरी तो कॉमनच, कारण सिग्नलच्या नजरेत सप्लाय आणि ग्राउंड एकच.

मी दोन सीई स्टेज जोडल्या. १८८ गुणिले १८८ म्हणजे ३५ हजारांवर गेन यायला हवा होता, निम्मासुद्धा आला नाही. ट्रान्झिस्टर खराब आहे का?

ट्रान्झिस्टर ठणठणीत आहे, हिशोब चुकलाय, आणि हा प्रश्न ज्याला पडला तो योग्य रस्त्यावर आहे असं मी समजतो. बिल्डिंगमधलं पाणी आठवा. गच्चीवरची टाकी भरलेली असते, नळाला जोरात धार येते, पण खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वरची धार बारीक होते. टाकीतलं पाणी तेवढंच असतं, पाइपची तेवढी ताकद नसते.

इथे तेच होतं. पहिल्या स्टेजचा आउटपुट इम्पीडन्स ४.७ के, आणि त्याच्यावर येऊन बसते दुसऱ्या स्टेजची ३.१ केची इनपुट. म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ४.७ के नाहीच, दोन्ही समांतर मिळून १.८७ के आहे. १.८७ के भागिले २५ केलं की पहिल्या स्टेजचा गेन १८८ वरून ७५ वर आला. आता ७५ गुणिले १८८ करा, १४ हजारच्या आसपास येतं. दुसऱ्या स्टेजच्या पुढे अजून लोड असेल तर तीही घसरणार.

म्हणून माझं सांगणं असं की सुट्या स्टेजचे गेन काढून गुणाकार करायचाच नाही. उजवीकडून सुरुवात करायची, शेवटच्या लोडपासून. शेवटच्या स्टेजचा गेन त्या लोडसकट काढायचा, मग तिचा इनपुट इम्पीडन्स काढायचा, तो आधीच्या स्टेजचा लोड, असं करत करत डावीकडे यायचं. पुस्तकात डावीकडून उजवीकडे शिकवतात, त्यामुळे मुलांना वाटतं सिग्नल जातो त्या दिशेने हिशोब करायचा.

मग प्रत्येक दोन सीईच्या मधे एक एमिटर फॉलोअर टाकला तर?

टाकता येतो आणि फरक दणदणीत पडतो. फॉलोअरचा बेस थेट पहिल्याच्या कलेक्टरला लावा, कपॅसिटर नको, बायसचे रेझिस्टर नकोत, कलेक्टरवर ४ ते ५ व्होल्ट आहेत तेच त्याचं बायस. एमिटरला २.२ के लावला तर त्याच्यातून २ मिलीअँपच्या जवळपास जातात. पुढची ३.१ केची स्टेज जोडूनसुद्धा त्याची इनपुट अडीचशे केच्या वर दिसते, म्हणजे ४.७ केवर ओझं असं काहीच नाही. आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स ४.७ के भागिले २०० अधिक त्याचा स्वतःचा आर-ई १३ ओहम, असे साधारण ३७ ओहम. एकूण गेन ३४ हजारांच्या आसपास जातो.

पण दर वेळी टाकायलाच पाहिजे असं अजिबात नाही. १४ हजार गेन पुरत असेल तर तिसरा ट्रान्झिस्टर कशाला? दुसरा उपाय आहे एमिटरचा थोडा भाग बायपास न करता सोडायचा, समजा १०० ओहम. मग गेन ४.७ के भागिले १२५, साधारण ३७ होतो, पण बेसचा इनपुट इम्पीडन्स ५ केचा २५ के होतो आणि डिस्टॉर्शन खूप कमी होतं. पूर्ण बायपास केलेल्या सीईला बेसवर १० मिलीव्होल्ट पीक दिले तरी सेकंड हार्मोनिक (मूळ सिग्नलच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ) १० टक्क्यांच्या आसपास जातं, ऐकायला नको वाटतं. मला स्वतःला कमी गेनच्या दोन सभ्य स्टेज जास्त आवडतात.

आधी सीसी लावायचा की आधी सीई? प्रोजेक्टच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

ते डावीकडे काय जोडलंय त्यावर ठरतं. स्टेजच्या क्रमाचं उत्तर पाठ करू नका, सोर्स कोण आणि लोड कोण ते आधी विचारा.

आमच्या इथल्या भजनी मंडळासाठी मी एकदा तंबोऱ्याला पायझो चकती लावून दिली होती, तीच जी बझरमध्ये असते, पितळी. पहिलीच स्टेज सीई केली. आवाज आला, मोठा आला, पण नुसता झणझण, खर्ज कुठे दिसेना. तंबोरा काळी एकचा, म्हणजे खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. मी दोन दिवस चकती इकडून तिकडे चिकटवत बसलो, कधी घोडीजवळ, कधी भोपळ्याला. चूक चकतीच्या जागेत नव्हतीच. पायझो म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर, माझी चकती २० नॅनोफॅरडची, आणि ती ३.१ केच्या इनपुटला जोडली की अडीच हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. ६९ हर्ट्झला सिग्नल ३७ पटीने कमी. खर्ज येणार कुठून?

मग सीईच्या आधी एक एमिटर फॉलोअर घातला, बेसला वर-खाली ४७० के, एमिटरला ४.७ के, आणि त्याच्यानंतर तीच सीई, फक्त १०० ओहम बायपास न केलेली. इनपुट इम्पीडन्स १६० केच्या आसपास आला, उतरण ५० हर्ट्झवर गेली. ट्रान्झिस्टर एक वाढला, व्होल्टेज गेन मुळीच वाढला नाही, आणि तंबोरा बोलायला लागला. फॉलोअरचा गेन एक आहे म्हणून तो फुकट आहे असं वर्गात कुणी म्हणालं की मला तो खर्ज आठवतो.

उलट बाजूचं उदाहरण घ्या. सोर्स चांगला दणकट आहे, पण पुढे ६०० ओहमचं काहीतरी चालवायचंय. सीईवर थेट ६०० ओहम लावले तर ४.७ के आणि ६०० समांतर म्हणजे ५३० ओहम, गेन २१ वर येतो. मधे फॉलोअर घातला की तोच १७० च्या पुढे राहतो. म्हणजे इथे आधी सीई मग सीसी. आणि दोन्हीकडे अडचण असेल तर सीसी-सीई-सीसी, तीन ट्रान्झिस्टरचं हे सर्किट मी किती वेळा जोडलं असेल मोजलं नाही.

कॉमन बेस शिकवतात खूप, पण प्रत्यक्षात दिसतच नाही. असतो का कुठे?

असतो, आणि सगळ्यात पहिला तोच होता. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जो पॉइंट कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर चालवून दाखवला त्यात जर्मेनियमचा तुकडा हाच बेस होता आणि सिग्नल एमिटरच्या टोकाला दिलेला होता. बेस हे नावही त्या खालच्या तुकड्यावरूनच आलं.

आज तो तीन ठिकाणी भेटतो. एक, जिथे सोर्सच खूप कमी इम्पीडन्सचा आहे. जुन्या इंटरकॉममध्ये स्पीकरच माइक म्हणून वापरायचे, ८ ओहमचा स्पीकर थेट एमिटरला कपॅसिटरमधून दिला की गेन ४.७ के भागिले ३३, म्हणजे १४०च्या वर. कपॅसिटर मात्र मोठा लागतो बरं का, कारण समोर फक्त ३३ ओहम आहेत. दोन, रेडिओच्या फ्रंट एंडला, एफएमच्या आरएफ स्टेजला, कारण बेस ग्राउंड असल्यामुळे आउटपुटचा सिग्नल मागे इनपुटवर झिरपत नाही. आणि तीन, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून, ज्याला कॅस्कोड म्हणतात.

कॅस्कोड आणि कॅस्केड एकच ना? स्पेलिंगची चूक आहे असं सर म्हणाले.

एकच नाही. कॅस्केड म्हणजे कुठल्याही स्टेज एकामागे एक. कॅस्कोड म्हणजे विशिष्ट जोडी, खाली सीई आणि तिच्या कलेक्टरवर एमिटर ठेवून उभा असलेला सीबी. हा शब्द व्हॅक्यूम ट्यूबच्या काळातला, १९३९ मध्ये हंट आणि हिकमन यांच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवरच्या पेपरमध्ये आला.

कॅस्कोडने नक्की काय मिळतं? गेन तर सीईइतकाच येतो.

बरोबर, गेन तेवढाच. मिळतो तो वेग. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसच्या मधे थोडा कपॅसिटन्स असतोच, बीसी५४७ ला ३ पिकोफॅरड धरा. सीईमध्ये बेस एक मिलीव्होल्ट वर गेला की कलेक्टर १८८ मिलीव्होल्ट खाली जातो, त्यामुळे त्या बिचाऱ्या ३ पिकोफॅरडच्या दोन टोकांत १८९ मिलीव्होल्टचा फरक पडतो, म्हणजे बेसला तो १८९ पट मोठा, ५७० पिकोफॅरडचा वाटतो. हाच मिलर इफेक्ट. आधीच्या स्टेजचा जोडलेला इम्पीडन्स १.८७ के असेल तर दीडशे किलोहर्ट्झच्या आसपास गेन पडायला लागतो.

आता वर सीबी बसवला. खालच्याच्या कलेक्टरला काय दिसतं? वरच्याचा एमिटर, २५ ओहम. म्हणून खालच्याचा गेन २५ भागिले २५, फक्त एक. मिलरमुळे गुणाकार फक्त दोनने, ५७० च्या जागी ६ पिकोफॅरड. मोठा स्विंग होतो तो वरच्याच्या कलेक्टरवर, आणि वरच्याचा बेस कपॅसिटरने ग्राउंडला बांधलेला आहे, तो हलतच नाही. ट्रान्झिस्टरच्या आतली ही अडचण कुठलाही नवा पार्ट न शोधता नुसत्या जोडणीने सुटली, मला हे इलेक्ट्रॉनिक्समधलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

फक्त दोन गोष्टी. ९ व्होल्टमध्ये दोन ट्रान्झिस्टर एकावर एक बसवायचे म्हणजे जागा कमी पडते, वरच्या बेसला साधारण २.७ ते ३ व्होल्ट देऊन खालच्याला एक-सव्वा व्होल्ट मिळेल असं बघा, आणि कलेक्टर रेझिस्टर थोडा कमी करा. आणि दुसरं, साध्या ऑडिओच्या प्रीॲम्पला कॅस्कोड लागत नाही. आपल्याला २० किलोहर्ट्झपर्यंत जायचंय, सीई दीडशेपर्यंत जातेय. रेडिओच्या ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफला (इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सीच्या स्टेजला) किंवा व्हिडिओला विचार करा.

डार्लिंग्टन म्हणजे दोन सीसीच ना?

हो, एकाचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, कलेक्टर एकत्र. सिडनी डार्लिंग्टन बेल लॅब्सचे, पेटंट १९५३ चं. बीटाचा बीटाशी गुणाकार होतो, हजारांत जातो. टीआयपी१२२ हा पॉवर ट्रान्झिस्टर असाच आहे, आणि स्टेपर मोटर चालवायची यूएलएन२००३ ही आयसी, तिच्यात अशा सात जोड्या आहेत. किंमत अशी मोजावी लागते की चालू व्हायला १.२ ते १.४ व्होल्ट लागतात, पूर्ण ऑन झाला तरी कलेक्टर-एमिटरमध्ये ०.७ च्या वरच व्होल्टेज राहतं म्हणून तापतो, आणि बंद व्हायला वेळ घेतो. एनपीएन आणि पीएनपी (एकमेकांच्या उलट दिशेने करंट वाहणारे दोन प्रकारचे ट्रान्झिस्टर) मिळून केलेली झिक्लाय जोडी ०.६ व्होल्टमध्येच चालू होते, ती फारशी कुणी वापरत नाही पण वापरून बघा.

डिफरन्शियल पेअर कुठल्या प्रकारात बसतो?

डिफरन्शियल पेअर म्हणजे एमिटर एकत्र जोडलेले दोन ट्रान्झिस्टर. एका बाजूच्या बेसला सिग्नल दिला, दुसऱ्याचा बेस ग्राउंड केला आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवरून घेतलं तर नीट बघा काय दिसतंय: पहिला सीसी, त्याचा एमिटर दुसऱ्याच्या एमिटरला देतोय, दुसरा सीबी. सीसी-सीबी जोडी! गेन अर्धा होतो, कारण रस्त्यात २५ अधिक २५ असे ५० ओहम येतात, पण पहिल्याचा कलेक्टर थेट सप्लायला बांधला तर मिलर जवळजवळ गायब. हे एकदा दिसलं की ऑप-अँपचं आतलं सर्किट बघायची भीती जाते.

७४१ या ऑप-अँप आयसीच्या आत खरंच हे तिन्ही असतात?

असतात, आणि मल्टिस्टेज शिकायचं असेल तर याच्याइतका चांगला गुरू नाही. फेअरचाइल्डमध्ये डेव्ह फुलगर यांनी केलेलं डिझाइन, १९६८ चं. इनपुटला दोन एनपीएन फॉलोअर, म्हणजे सीसी. त्यांच्या एमिटरखाली दोन पीएनपी, कॉमन बेस. त्या काळी आयसीमध्ये जे लॅटरल पीएनपी बनायचे ते हळू असायचे आणि बीटा कमी, पण सीबीमध्ये बीटा कमी असला तरी फारसं बिघडत नाही आणि वेगही बरा मिळतो, म्हणून कमजोर माणसाला त्याला झेपेल तेच काम दिलंय. त्याच्यानंतर परत एक फॉलोअर, का? कारण त्या फॉलोअरनंतर खरा गेन देणारी सीई आहे आणि तिने पहिल्या स्टेजला दाबू नये. शेवटी एनपीएन-पीएनपीची पुश-पुल जोडी, दोन्ही फॉलोअर, लोडला करंट द्यायला. सीसी, सीबी, सीसी, सीई, सीसी. सगळं मिळून गेन दोन लाखांच्या आसपास.

आणि ज्या मिलरला आपण आत्ता कॅस्कोडने हाकलला, त्यालाच इथे मुद्दाम बोलावलंय. दुसऱ्या स्टेजवर ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवलाय, तो मिलरमुळे कितीतरी मोठा होऊन गेनला ५ हर्ट्झच्या आसपासपासूनच खाली आणतो, म्हणजे फीडबॅक लावल्यावर आयसी ऑसिलेट होत नाही. चिपवर मोठा कपॅसिटर बनवायला जागाच नव्हती, छोट्यालाच मोठा करून घेतला.

दोन स्टेजच्या मधला कपलिंग कपॅसिटर किती घेऊ? सगळीकडे १० मायक्रोफॅरडच दिसतो.

१० घेतला तर चालतंच, पण हिशोब कळू दे. कपॅसिटरच्या दोन्ही बाजूंचे इम्पीडन्स बेरजेत येतात, ४.७ के अधिक ३.१ के म्हणजे ८ के धरा. २० हर्ट्झसाठी १ मायक्रोफॅरड पुरतो. खरा मोठा लागतो तो एमिटरचा बायपास, कारण त्याच्यासमोर १ के नसतो, आर-ईचे २५ आणि आधीच्या स्टेजचा इम्पीडन्स भागिले बीटा असे मिळून जेमतेम ३५-४० ओहम असतात. तिथे २० हर्ट्झसाठी २२० मायक्रोफॅरड हवा. मुलं कपलिंगला १०० घालतात आणि बायपासला १०, मग आवाजात खर्ज का येत नाही म्हणून विचारतात. इलेक्ट्रोलिटिकचं प्लस ज्या बाजूला डीसी व्होल्टेज जास्त तिकडे.

मग कपॅसिटर काढून सगळं डायरेक्ट कपल का करत नाहीत?

सीई नंतर सीसी करतातच, वर सांगितलं तसं. पण सीई मागून सीई थेट जोडत गेलात तर तापमानाने हलणारं व्होल्टेजही पुढे वाढत जातं. बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्रीला २ मिलीव्होल्टने घसरतं. दहा डिग्री वाढली, २० मिलीव्होल्ट. आपल्या स्टेजचा डीसी गेन ४.७ के भागिले १ के, म्हणजे ४.७, कलेक्टर ९४ मिलीव्होल्टने सरकला. तशीच दुसरी स्टेज मागे लावली तर ४४० मिलीव्होल्ट, तिसरीला दोन व्होल्ट, आणि एप्रिलमध्ये दुपारी सर्किट बंद. शिवाय प्रत्येक कलेक्टर आधीच्यापेक्षा वर चढत जातो आणि ९ व्होल्ट संपून जातात, म्हणून एनपीएननंतर पीएनपी, बीसी५४७ नंतर बीसी५५७, असं आलटून पालटून घेतात, एक वर नेतो दुसरा खाली आणतो. आणि पूर्ण साखळीला डीसी फीडबॅक देऊन बांधतात.

तिसरी स्टेज जोडली की स्पीकरमधून बोटीसारखा फट्-फट् आवाज येतो.

याला मोटरबोटिंगच म्हणतात. शेवटची स्टेज करंट ओढते, ९ व्होल्टची बॅटरी थोडी खाली बसते, ते बसणं पहिल्या स्टेजच्या बायसमधून परत आत शिरतं, वाढून परत शेवटाला येतं. बॅटरी जुनी झाली की जास्त. उपाय स्वस्त आहे: पहिल्या स्टेजचा सप्लाय २२० किंवा ४७० ओहममधून द्या आणि तिथे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. फट्-फट् ऐवजी शिट्टी येत असेल तर आउटपुटची वायर इनपुटजवळून गेलीय का बघा, दोन सीई मिळून सिग्नल परत सुलटा होतो, त्यामुळे थोडं झिरपलं तरी ऑसिलेटर तयार. नुसत्या फॉलोअरवरही लांब वायर जोडली की तो मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होऊ शकतो, बेसला अगदी लागून ४७ ते १०० ओहम टाका.

स्टेज वाढवल्या की बँडविड्थ कमी का होते?

एका स्टेजचा जिथे ०.७०७ होतो तिथे दुसरीचाही ०.७०७ होतो, दोन्ही मिळून अर्धा. म्हणून वरची मर्यादा सारख्या दोन स्टेजला ०.६४ पट, तीनला ०.५१ पट, आणि खालची मर्यादा तेवढ्याच प्रमाणात वर सरकते.

खरखर कुठल्या स्टेजची असते?

जवळजवळ नेहमी पहिलीची. तिची खरखर पुढच्या सगळ्यांनी वाढवलेली असते. चांगला ट्रान्झिस्टर, मेटल फिल्म रेझिस्टर, जे काही चांगलं असेल ते पहिल्या स्टेजला द्या.

फॉलोअरचा आउटपुट ३७ ओहम आहे तर ८ ओहमचा स्पीकर थेट लावू?

नको. इम्पीडन्स कमी आहे म्हणजे करंट भरपूर आहे असं नाही. त्याच्यातून २ मिलीअँपच वाहतायत, तर स्पीकरला खालच्या बाजूला तेवढेच मिळणार, २ मिलीअँप गुणिले ८ ओहम, १६ मिलीव्होल्ट पीक, त्यापुढे सिग्नल कापला जातो. कानाला लावलं तर ऐकू येईल. स्पीकरसाठी पुश-पुल पाहिजे, एनपीएन वर ढकलतो पीएनपी खाली ओढतो, मधे दोन डायोड घालून क्रॉसओव्हर (सिग्नल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधे पडणारी खाच) घालवायचा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये काय बघून घ्यायचं?

बीटा ग्रुप. बीसी५४७ए ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००. नुसतं बीसी५४७ मागितलं तर काहीही मिळतं, आणि मला एका दुकानातून एकाच पुडीत ९० आणि ३८० बीटाचे मिळालेत. मल्टिमीटरच्या एचएफई (म्हणजे बीटाच) सॉकेटमध्ये एकेक घालून बघा. आणि पाय: सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, बीसी५४७ चे डावीकडून कलेक्टर बेस एमिटर, २एन३९०४ चे बरोबर उलटे. एकाच्या जागी दुसरा घालताना फिरवून घालायचा.

लॅबमध्ये आउटपुट इम्पीडन्स मोजायचा कसा? मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावला तर काहीतरीच येतं.

मल्टिमीटर ओहमवर चालू सर्किटला कधीच लावू नका. आधी सिग्नल न देता प्रत्येक कलेक्टर आणि एमिटरचे डीसी व्होल्टेज लिहून घ्या, ते चुकलेले असतील तर पुढे काही करण्यात अर्थ नाही. मग १ किलोहर्ट्झचा छोटा सिग्नल द्या, इतका छोटा की सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) आउटपुटची साइन स्वच्छ दिसेल, आणि आकडा लिहा. आता आउटपुटला कपॅसिटरमधून १० केचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ग्राउंडकडे जोडा आणि सिग्नल बरोबर निम्मा होईपर्यंत फिरवा. पॉट काढा, मोजा, तोच आउटपुट इम्पीडन्स. सीईला ४.७ केच्या जवळ येईल. फॉलोअरला मात्र निम्म्यापर्यंत जाऊ नका, तो त्याआधीच कापायला लागतो, तिथे १ केचा पक्का रेझिस्टर लावून सिग्नल किती टक्के पडला ते बघा, ३-४ टक्के पडला तर तुमचं सर्किट बरोबर जोडलंय.